बांधून घेण्याची विद्या

(नभोवाणीवर दिलेल्या भाषणाचे संपादित रूप)

'घर पाहावं बांधून आणि लग्न पाहावं करून' ही म्हण आपल्याकडे लहानपणापासून सगळ्यांच्या कानावर पडलेली असते. दोन्हींत हिशेब कोलमडतो, माणसं रुसतात, ऐनवेळी कुणीतरी येत नाही, आणि ठरलेला दिवस मात्र पुढं सरकत नाही. लग्न निदान चार दिवसांत उरकतं. बांधकामात हीच ओढाताण वर्षानुवर्षं चालते, आणि काम मोठं असलं की पैसा शेकडो कोटींचा आणि माणसं हजारांनी असतात. या म्हणीत ज्या अडचणी सांगितल्या आहेत, त्या हाताळायचं आता एक रीतसर शास्त्र झालं आहे. त्याला बांधकाम प्रकल्प व्यवस्थापन म्हणतात. ते शिकवणारे अभ्यासक्रम आहेत, त्यावर करिअर करता येतं, आणि अलीकडे बरीच मुलं आणि त्यांचे पालक त्याविषयी विचारू लागले आहेत. मी १९८४ सालापासून बांधकामाच्या जागेवर वावरतो आहे आणि गेली काही वर्षं हाच विषय विद्यार्थ्यांना शिकवतो आहे. त्या अनुभवाच्या आधारानं चार गोष्टी सांगतो.

पहिला प्रश्न हमखास असा येतो, की सिव्हिल इंजिनिअर झालं म्हणजे हे आलंच की, वेगळं काय शिकायचं? फरक असा आहे. स्लॅब किती जाडीचा हवा, त्यात सळई कोणत्या व्यासाची घालायची, हे सांगणारा संरचना अभियंता असतो. इमारत कशी दिसेल, उजेड कुठून येईल, हे वास्तुविशारद ठरवतो. पण तो स्लॅब कोणत्या तारखेला पडणार, त्यासाठी सेंट्रिंगवाला केव्हा बोलवायचा, सिमेंट किती आणि कधी मागवायचं, बिल केव्हा निघणार, आणि त्या दिवशी कामावर आलेली सगळी माणसं संध्याकाळी धडधाकट आपापल्या खोलीवर परतणार की नाही, हे बघणारा कुणीतरी लागतो. तो म्हणजे प्रकल्प व्यवस्थापक. वेळ, पैसा, दर्जा आणि सुरक्षितता ही चार चाकं एकाच गतीनं फिरवायची, हे त्याचं काम.

दोन खोल्यांच्या शाळेचं गणित

हे शास्त्र नेमकं काय शिकवतं, ते एका छोट्या उदाहरणानं सांगतो. समजा, एखाद्या गावात दोन वर्गखोल्यांची शाळा बांधायची आहे. काम १० मार्चला सुरू होणार. जूनच्या मध्यावर शाळा उघडते आणि पाऊसही त्याच सुमाराला येतो. तेव्हा त्याआधी खोल्या तयार हव्यात.

आता कामं मांडू. खोदाई आणि पाया १२ दिवस. जोतं १० दिवस. कॉलम ६ दिवस. स्लॅबचं सेंट्रिंग आणि सळई बांधणं ९ दिवस. स्लॅब टाकायला १ दिवस. मग स्लॅबखालचे टेकू काढण्याआधी १४ दिवस थांबायचं. त्यानंतर भिंतींचं वीटकाम १० दिवस, गिलावा ९ दिवस, फरशी ८ दिवस, रंग ७ दिवस. बेरीज केली तर ८६ दिवस होतात. म्हणजे १० मार्चला सुरू झालेलं काम ३ जूनला संपतं. पावसाआधी, शाळेआधी. सगळे खूश.

यात दारं-खिडक्यांच्या चौकटी मी मोजल्या नाहीत. त्या जागेवर होत नाहीत, फॅब्रिकेटरकडे किंवा सुताराकडे तयार होतात. त्याला ३० दिवस लागतात असं धरू. चौकटी वीटकामाच्या वेळी बसवाव्या लागतात, आणि वीटकाम सुरू होतं ५३ व्या दिवशी. म्हणजे चौकटींची ऑर्डर उशिरात उशिरा २२ व्या दिवसाअखेर जायला हवी. त्या कामाला २२ दिवसांची सवड आहे, त्याहून जास्त नाही. आता प्रत्यक्षात काय होतं? ५२ व्या दिवशी टेकू निघतात, गवंडी येतो आणि विचारतो, "साहेब, चौकटी कुठं आहेत?" तेव्हा धावाधाव सुरू होते. त्या दिवशी ऑर्डर दिली तर ३० दिवस वाया, आणि शाळा ३ जूनऐवजी ३ जुलैला पुरी. मधल्या काळात पाऊस सुरू झालेला, वाळू ओली, गाडी चिखलात रुतलेली, आणि पोरं देवळाच्या ओवरीत बसलेली. चौकट ही काही अवघड वस्तू नाही. ती मागवायची कधी, एवढंच कुणी कागदावर लिहून ठेवलेलं नव्हतं.

या हिशेबातून दोन गोष्टी कळतात. एक, काही कामांना सवड असते आणि काहींना अजिबात नसते. पाया, जोतं, कॉलम, स्लॅब अशी जी साखळी एकमेकांवर अडून बसलेली असते, तिच्यातला एक दिवस चुकला की सगळं काम एक दिवस मागं जातं. या साखळीला क्रिटिकल पाथ म्हणतात. व्यवस्थापकाचं लक्ष पहिल्यांदा तिथं हवं. दुसरी गोष्ट, माणसं वाढवून प्रत्येक काम लवकर होत नाही. गवंड्यांची जोडी दुप्पट केली तर वीटकाम बऱ्यापैकी लवकर होईल. पण टेकूंचे १४ दिवस कुणीही कमी करू शकत नाही. आपल्याकडच्या आयएस ४५६ या मानकात सहा मीटरपर्यंतच्या तुळईखालचे टेकू १४ दिवस आणि त्याहून लांब तुळईखालचे २१ दिवस ठेवायला सांगितले आहे. तेही साध्या पोर्टलंड सिमेंटसाठी. राख मिसळलेलं सिमेंट असेल तर आणखी थांबावं लागतं. पुढाऱ्यानं उद्घाटनाची तारीख घेतली म्हणून सिमेंट लवकर घट्ट होत नाही.

साहित्याचंही असंच. १० मीटर लांब, १० मीटर रुंद आणि १२५ मिलिमीटर जाड स्लॅबला साडेबारा घनमीटर काँक्रीट लागतं. एका घनमीटरला साधारण आठ पोती धरली तर नुसत्या स्लॅबला १०० पोती सिमेंट झालं. ती पोती आदल्या दिवशी जागेवर नसतील तर काम मध्येच थांबतं आणि स्लॅबला जोड येतो. पुढं गळती तिथूनच सुरू होते. उलट, भाव वाढेल या भीतीनं सगळं सिमेंट आधीच भरून ठेवलं तर तेही बरोबर नाही. तीन महिन्यांहून जुनं सिमेंट पुन्हा तपासल्याशिवाय वापरू नये असा दंडक आहे. किती आणायचं यापेक्षा कधी आणायचं हे ठरवणं कठीण असतं.

ही विद्या आली कुठून?

कामांच्या आडव्या पट्ट्या काढून त्या तारखांशी जुळवायची पद्धत विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हेन्री गँट या अमेरिकन अभियंत्यामुळं रूढ झाली. आजही कुठल्याही साइट ऑफिसात भिंतीवर तो तक्ता टांगलेला दिसेल. एकमेकांवर अवलंबून असणाऱ्या कामांचं जाळं काढून त्यातली सर्वांत लांब साखळी शोधायची पद्धत १९५७ च्या सुमाराला ड्यूपाँ या रसायन कंपनीच्या कारखान्यांसाठी तयार झाली. पाठोपाठ १९५८ मध्ये अमेरिकेच्या आरमारानं पोलारिस क्षेपणास्त्राच्या कार्यक्रमासाठी 'पर्ट' ही पद्धत काढली. पहिलीत कामाला किती दिवस लागतील हे ठाऊक असतं. दुसरी, ज्या कामाचा आधी अनुभव नाही अशांसाठी आहे. तिच्यात लवकरात लवकर, बहुधा आणि उशिरात उशिरा अशा तीन मुदती धरून हिशेब करतात. आता हे सगळं संगणकावर होतं. प्रिमाव्हेरा आणि मायक्रोसॉफ्ट प्रोजेक्ट ही नावं या धंद्यातल्या प्रत्येकाला माहीत आहेत. पण संगणकाला चौकटींचे ३० दिवस कुणीतरी सांगावे लागतात. ते त्याला आपोआप कळत नाहीत.

आपल्या दारातली दोन उदाहरणं बघा. कोकण रेल्वेसाठी १९९० मध्ये महामंडळ स्थापन झालं आणि २६ जानेवारी १९९८ ला पूर्ण मार्गावर प्रवासी गाडी धावली. रोह्यापासून मंगळुरूपर्यंत सुमारे ७६० किलोमीटर, ९० हून जास्त बोगदे, लहानमोठे मिळून सुमारे दोन हजार पूल. ई. श्रीधरन यांनी त्या कामाचे महाड, रत्नागिरी उत्तर, रत्नागिरी दक्षिण, कुडाळ, पणजी, कारवार आणि उडुपी असे सात विभाग केले आणि प्रत्येक विभागाला निर्णय घेऊ शकेल असा मुख्य अभियंता दिला. ज्याचा निर्णय त्यानं जागेवरच घ्यायचा, फाइल मुंबईला पाठवून वाट बघायची नाही. तरीही गोव्यातल्या पेडण्याच्या बोगद्यानं सगळ्यांची परीक्षा पाहिली. तिथली माती इतकी भुसभुशीत आणि पाण्यानं भरलेली, की खणलेलं पुन्हा भरून यायचं. शेवटची जोडणी बराच काळ त्या एका बोगद्यासाठी अडून राहिली. क्रिटिकल पाथ म्हणजे काय, हे विद्यार्थ्याला समजावून सांगायला मला याहून चांगलं उदाहरण सापडलेलं नाही. सातशे किलोमीटर तयार असून उपयोग नव्हता.

दुसरं उदाहरण वांद्रे-वरळी सागरी सेतूचं. २००० मध्ये प्रत्यक्ष काम सुरू झालं. ते २००४ पर्यंत पूर्ण व्हायचं होतं, आणि वाहनांसाठी तो पूल खुला झाला ३० जून २००९ ला. मधल्या काळात आराखडा बदलला, न्यायालयात प्रकरणं गेली, मच्छीमारांचे आक्षेप आले. खर्च मूळ अंदाजाच्या किती तरी पुढं गेला. पूल बांधणाऱ्यांचं कौशल्य कमी होतं असं कुणी म्हणणार नाही. पण काम सुरू होण्याआधी ज्या प्रश्नांची उत्तरं मिळायला हवी होती, ती काम सुरू झाल्यावर शोधली गेली, की असं होतं. म्हणूनच या अभ्यासक्रमांत गणिताइतकंच महत्त्व करार, कायदा, भूसंपादन आणि लोकांशी बोलणं या विषयांना असतं.

पैसा किती गेला आणि काम किती झालं

घर बांधणाऱ्या माणसाला विचारा, "काम कुठवर आलं?" तो म्हणतो, "निम्मे पैसे संपले." हे उत्तर फसवं आहे. या शास्त्रात ते तपासायची एक सोपी रीत शिकवतात. समजा, ५० लाखांचं काम आहे आणि निम्मी मुदत संपली आहे. ठरल्याप्रमाणं आतापर्यंत २५ लाखांचं काम व्हायला हवं होतं. मोजलं तर २० लाखांचंच झालं आहे. म्हणजे काम मागं आहे. आता खर्च बघा. त्या २० लाखांच्या कामाला २४ लाख गेले आहेत. याच चालीनं गेलं तर ५० लाखांचं काम ६० लाखांना पडेल. हे मध्यावरच कळलं तर हातात काही उपाय असतो. शेवटी कळलं तर कपाळाला हात लावण्याखेरीज काही उरत नाही.

घर घेणाऱ्यांच्या दृष्टीनंही या हिशेबाला आता महत्त्व आलं आहे. २०१६ साली स्थावर संपदा कायदा, म्हणजे रेरा झाला आणि १ मे २०१७ पासून तो पूर्णपणे लागू झाला. ग्राहकांकडून आलेल्या रकमेपैकी ७० टक्के रक्कम स्वतंत्र खात्यात ठेवावी लागते. त्यातून पैसे काढायचे तर काम तेवढं झालं आहे, असा अभियंता, वास्तुविशारद आणि सनदी लेखापाल यांचा दाखला लागतो. ताबा देण्याची तारीख आधी जाहीर करावी लागते. पूर्वी ज्या बिल्डरला 'बघू, दिवाळीपर्यंत होईल' असं सांगून चालत होतं, त्यालाही आता तारखांचा तक्ता बनवणारा माणूस नोकरीवर ठेवावा लागतो. या क्षेत्रात मागणी वाढायचं हे एक खरं कारण आहे. दुसरं कारण म्हणजे राज्यात झालेली मोठी कामं. २१.८ किलोमीटरचा अटल सेतू जानेवारी २०२४ मध्ये आणि ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग जून २०२५ मध्ये पूर्ण खुला झाला. मुंबईची कुलाबा ते आरे ही भुयारी मेट्रो ऑक्टोबर २०२५ मध्ये पूर्ण मार्गावर धावू लागली. अशा एकेका कामावर नियोजन, मोजमाप, करार, दर्जा आणि सुरक्षितता यांचे वेगवेगळे विभाग असतात आणि प्रत्येकात तरुण अभियंते लागतात.

माणसं सांभाळणं

पुस्तकातला सर्वांत लहान आणि जागेवरचा सर्वांत मोठा धडा माणसांचा आहे. साइटवर मजूर थेट आपल्याला ओळखत नाही. तो मुकादमाला ओळखतो. मुकादमानं त्याला उचल दिलेली असते, दर आठवड्याला बाजाराच्या दिवशी खर्ची द्यायची असते. आपलं बिल लेखाशाखेत अडकलं, की मुकादमाची खर्ची अडते, आणि सोमवारी निम्मी माणसं दुसऱ्या साइटवर दिसतात. मग तक्ता कितीही रंगीत असो. म्हणून मी विद्यार्थ्यांना सांगतो, की तुमच्या कामाच्या साखळीत बिल तयार करणं हेही एक काम धरा आणि त्याला सवड नाही असं समजा.

दुसरं, वेगवेगळ्या लोकांना वेळेत एकत्र बसवणं. नव्वदच्या दशकात मी एका तालुक्याच्या गावी कामावर होतो. शेजारीच एका रुग्णालयाची इमारत उभी राहत होती. इमारत पुरी झाली, रंग झाला, आणि मग क्ष-किरण यंत्र आलं. ते दारातून आत जाईना. इमारतीचा ठेकेदार वेगळा, यंत्र पुरवणारा वेगळा, आणि दोघांची गाठ कुणी घालून दिलेली नव्हती. शेवटी नवी कोरी भिंत फोडून यंत्र आत घेतलं. कुणाचंच काम चुकीचं नव्हतं. दार आराखड्याप्रमाणं होतं आणि यंत्र ऑर्डरप्रमाणं. दोन्ही कागद एका टेबलावर ठेवणारा माणूस तेवढा नव्हता.

आणि तिसरी गोष्ट जिवाची. २९ जून २०१९ ला, मध्यरात्रीनंतर, पुण्याच्या कोंढव्यात एका गृहसंकुलाची संरक्षक भिंत शेजारच्या बांधकामावरच्या मजुरांच्या पत्र्याच्या खोल्यांवर कोसळली. १५ माणसं गेली. त्यांत लहान मुलंही होती. मजुरांची वस्ती कुठं उभारायची, हा प्रश्न व्यवस्थापनाचाच आहे. खड्डा दीड मीटरहून खोल गेला की त्याच्या बाजूंना आधार द्यायचा किंवा उतार ठेवायचा, खणलेली माती काठावर रचायची नाही, उंचीवर काम करणाऱ्याला पट्टा आणि तो पट्टा अडकवायला पक्की जागा द्यायची, हे नियम कुठल्याही पुस्तकात सापडतात. ते पाळायला फार पैसे लागत नाहीत. 'आजच्या दिवस चालवून घेऊ' हे न म्हणणारा माणूस मात्र लागतो. १९९६ साली केंद्रानं बांधकाम कामगारांसाठी कायदा केला. त्याच्या जोडीनं बांधकामाच्या खर्चावर एक टक्का उपकर आला आणि त्यातून कल्याणकारी मंडळं उभी राहिली. नोव्हेंबर २०२५ पासून या तरतुदी नव्या कामगार संहितांमध्ये सामावल्या आहेत. वर्षात ९० दिवस काम केलेल्या मजुराला नोंदणी करता येते. पण त्या ९० दिवसांचा दाखला त्याला कुणी द्यायचा? साइटवरच्या तरुण इंजिनिअरनं मनावर घेतलं तर त्या कुटुंबाच्या पोरांना शिक्षणासाठी मदत मिळू शकते. हेही या शिक्षणात आलं पाहिजे, असं मला वाटतं.

शिक्षण कुठं आणि कसं

आता वाटा बघू. दहावीनंतर तंत्रनिकेतनातून तीन वर्षांची स्थापत्य पदविका करता येते, आणि पदविकेनंतर पदवीच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळू शकतो. बारावीनंतर चार वर्षांची स्थापत्य अभियांत्रिकीची पदवी आहे. वास्तुविशारद झालेली मुलं-मुलीही या क्षेत्रात येतात, आणि मोठ्या कामांवर विद्युत आणि यांत्रिकी शाखेचे अभियंतेही लागतात.

पदवीनंतर या विषयाचं खास शिक्षण देणाऱ्या संस्था आहेत. पुण्यात बालेवाडीला निकमार ही संस्था आहे. बांधकाम उद्योगातल्याच मंडळींनी पुढाकार घेऊन ती ऐंशीच्या दशकात उभी केली आणि आता तिचं विद्यापीठ झालं आहे. मुंबईची व्हीजेटीआय १८८७ सालची आणि पुण्याचं सीओईपी १८५४ सालचं. या जुन्या संस्थांतही बांधकाम व्यवस्थापनाचं पदव्युत्तर शिक्षण मिळतं. दिल्ली आणि मद्रास इथल्या आयआयटींत बांधकाम तंत्रज्ञान आणि व्यवस्थापन या नावानं एम.टेक. आहे. त्यासाठी गेट परीक्षा द्यावी लागते. लार्सन अँड टुब्रोची 'बिल्ड इंडिया' शिष्यवृत्ती अनेकांना माहीत नसते. पदवीच्या शेवटच्या वर्षात असलेल्या मुलांना निवडून कंपनी त्यांना अशा एम.टेक.साठी पाठवते. तिची चौकशी प्रत्येक होतकरू विद्यार्थ्यानं करावी. अहमदाबादच्या सेप्ट विद्यापीठातही हा विषय चांगला शिकवला जातो.

याशिवाय अमेरिकेतल्या प्रोजेक्ट मॅनेजमेंट इन्स्टिट्यूटची पीएमपी ही परीक्षा आहे. ही संस्था १९६९ ची. चार वर्षांची पदवी असलेल्याला या परीक्षेला बसण्याआधी प्रकल्पाची जबाबदारी सांभाळल्याचा ३६ महिन्यांचा अनुभव आणि ३५ तासांचं प्रशिक्षण अशी अट आहे. ही अटच सांगते, की ती नुकत्याच पास झालेल्या मुलासाठी नाही. तरीसुद्धा गावोगाव जाहिराती दिसतात, की सहा आठवड्यांत प्रोजेक्ट मॅनेजर बना. सहा आठवड्यांत एखादं सॉफ्टवेअर चालवता येईल. व्यवस्थापक होता येत नाही.

गेल्या वर्षी एक शेतकरी गृहस्थ मला भेटायला आले. मुलगा नुकताच पदवीधर झालेला. त्याला लगेच मोठ्या फीच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाला जायचं होतं आणि त्यासाठी कर्ज काढावं का, जमीन तारण ठेवावी का, असं ते विचारत होते. मी मुलाला विचारलं, "टेकू किती दिवसांनी काढतात, प्रत्यक्ष पाहिलं आहेस का?" तो म्हणाला, "पुस्तकात आहे, सर." मी वडिलांना म्हटलं, "दादा, जमीन तारण ठेवू नका. पोराला आधी दोन वर्षं साइटवर राहू द्या. पगार थोडा मिळेल, पण मिळेल. शिकाऊ उमेदवारीच्या योजनेतही वर्षभर घेतात. त्यानंतर त्याला अजून शिकावंसं वाटलं, तर तो स्वतः सांगेल काय शिकायचं ते. आणि तेव्हा कर्ज फेडायची उमेदही त्याच्यात असेल." माझं हेच मत सगळ्या पालकांना आहे. ज्याला आयआयटीत किंवा शिष्यवृत्तीवर जागा मिळते त्यानं जरूर लगेच जावं. पण कर्ज काढून जायचं असेल तर आधी साइट, मग वर्ग. साइट पाहिलेल्या मुलाला वर्गात शिकवलेलं प्रत्येक वाक्य कुठं लागू पडतं ते कळतं. ज्यानं पाहिलेली नाही, तो ते परीक्षेपुरतं पाठ करतो.

पहिली दोन वर्षं

त्या दोन वर्षांत काय करायचं? रोज संध्याकाळी डायरी लिहायची. आज किती गवंडी, किती बिगारी, काय काम झालं, काय अडलं, पाऊस किती वेळ पडला, कुणी काय तोंडी सांगितलं. तोंडी हुकूम आला की त्याच दिवशी त्याचं पत्र करायचं, सौम्य भाषेत, 'आज जागेवर सांगितल्याप्रमाणे' असं लिहून. वर्षभरानं वाद होतो तेव्हा कुणालाच काही आठवत नाही, आणि तेव्हा ती डायरी आणि ती पत्रं कामी येतात. मोजमाप पुस्तकात नोंद स्वतः करायला शिकायचं. एका जोडीचं रोजचं वीटकाम किती होतं, हे पुस्तकातून न घेता स्वतः मोजायचं. ओळंबा आणि गुण्या हातात धरायचा. जुन्या गवंड्याला 'मिस्त्री' म्हणून आदरानं विचारायचं. तो जे सांगतो त्यातलं बरंचसं कुठल्याही अभ्यासक्रमात नाही. हिंदी नीट बोलायचं, जमलं तर थोडी कानडी, थोडी तेलुगू, कारण मजूर सगळीकडून येतात. आणि बिलाचा, कराराचा एकेक कागद वाचायचा. कंटाळवाणा असतो, पण ठेकेदार बुडतात ते बहुधा न वाचलेल्या कलमांमुळं.

या धंद्याची दुसरी बाजूही सांगायला हवी. बदल्या होतात. उन्हाळ्यात सकाळी सातला जागेवर उभं राहावं लागतं. स्लॅबच्या दिवशी रात्रीचे अकरा वाजतात. छोट्या ठेकेदाराकडं पगार महिनोन् महिने लांबतो. घरच्यांना वर्षाकाठी चार सण आपल्याशिवाय करावे लागतात. मुलींनी या क्षेत्रात यावं का, असं विचारणारे पालक आहेत. जरूर यावं. नियोजन, मोजमाप, दर्जातपासणी या विभागांत आणि थेट जागेवरही आज मुली उत्तम काम करत आहेत. त्यांच्यासाठी साइटवर स्वच्छतागृह असलं पाहिजे, हा आग्रह मात्र पहिल्या दिवसापासून धरावा. मजूर स्त्रियांनाही त्याचा उपयोग होतो.

ज्याला सकाळी ठरवलेलं संध्याकाळी झालेलं बघण्यात आनंद वाटतो, ज्याला माणसांत वावरायचा कंटाळा नाही आणि ज्याचा हिशेब पक्का आहे, त्यानं या वाटेला अवश्य यावं. पदवीचा कागद लागेल, संगणक लागेल, इंग्रजीही लागेल. सुरुवात मात्र आजपासून करता येते. गावात कुठंही बांधकाम चालू असेल तर मालकाची परवानगी घेऊन रोज तासभर जाऊन उभे राहा. कोण कुणासाठी थांबला आहे, तेवढंच एका वहीत लिहून काढा. आठवडाभरानं ती वही वाचा. या विषयाचा पहिला धडा तुम्ही स्वतःच लिहिलेला असेल.